यादीतलं पहिलं नाव

१

“पोरगी आमी कुठं बघितली, लक्ष्मीबाई? मशिनीनं बघितली. आमी आपलं नुसते पोहे खायला गेलो.”

तनुजा गच्चीवर कपडे वाळत घालत होती. दोन चिमटे हातात, एक दातात. खाली ओट्यावर तिच्या सासूबाई, गीताबाई, आणि शेजारच्या लक्ष्मीबाई लसूण सोलत बसल्या होत्या. बजाजनगरातली घरं एकमेकांना चिकटून बांधलेली, त्यामुळं ओट्यावर बोललेलं गच्चीवर ताटात वाढल्यासारखं येतं, हे सासूबाईंना इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नसावं.

लक्ष्मीबाईंना यंत्राला पत्रिका कशी जुळवता येते याची उत्सुकता होती. सासूबाई म्हणाल्या, त्याला समदं कळतं, गोकुळ त्यात टाकतो आणि ते हुडकून काढतं. मग आवाज उतरवून म्हणाल्या, तिला बोलू नका, माहेरच्यांना वाईट वाटंल.

लग्नाला तीन महिने झाले होते. तनुजाला ठाऊक असलेली हकिकत अशी, की गोकुळचे मामा, धोंडिबामामा, कुणाच्या तरी तेराव्याला गंगापूरला आले, तिथं तिच्या वडिलांशी गाठ पडली आणि बोलता बोलता स्थळ निघालं. स्थळ आणल्याचा मान म्हणून मामांनी लग्नात टॉवेल-टोपी तर घेतलीच, वर फेट्याचा रंग आपल्या पसंतीचा मागून घेतला होता.

तनुजा मुळातच कमी बोलायची. शाळेत बाईंनी प्रगतिपुस्तकात ‘शांत’ असं लिहिलं, तर वडिलांनी ते बक्षीस मिळाल्यासारखं आठ दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं. तिनं दातातला चिमटा काढून चादरीला लावला आणि खालचा लसूण संपेपर्यंत वरच थांबली.

जेवताना तिनं गोकुळला सरळ विचारलं. तो लाजला वगैरे नाही, उलट खुलला. म्हणाला, जिल्हा, वय, शिक्षण, समाज, सगळं टाकलं. नऊशे मुलींची अकाउंटं निघाली. तीन वेळा नव्यानं लावलं, तिन्ही वेळा सगळ्यात वर तूच. मग मामांना पाठवलं.

“मी चाळणीत उरले का चाळणीतून खाली पडले?” तनुजानं विचारलं.

गोकुळ इतका हसला की त्याला ठसका लागला. ते वाक्य त्यानं लगेच स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या वर गच्चीकडं बघत राहिल्या.

२

गोकुळ आधी वाळूजच्या एका कंपनीत होता. ती सुटल्यावर त्यानं घरातल्या पुढच्या खोलीत हा धंदा मांडला. विचारणाऱ्याला तो सांगे, मी लोक जमवून देतो. साडीचं दुकान, क्लासेस, मंगल कार्यालय, दाताचा डॉक्टर, ज्याला सोशल मीडियावर लोक हवेत त्यानं गोकुळकडं यायचं.

खोलीत लोखंडी कपाट होतं, दारं काढलेलं. त्याच्या चार फळ्यांवर चोवीस मोबाइल उभे केलेले, प्रत्येकाला चार्जरची वायर. प्रत्येक मोबाइल म्हणजे एक बाई. सोनिया, माऊली, भाग्या, अशा नावांच्या चोवीस बाया, कारण बाईनं फॉलो केलं की माणूस लवकर उलटून फॉलो करतो, हे गोकुळचं संशोधन. यंत्र दिवसभर माणसं शोधी, त्यांच्या मागं लागे, त्यांचे फोटो आवडल्याचं कळवी, पंधरा दिवसांनी गुपचूप मागं हटे. पडदे आपापले सरकत. बोट कुठंच नसायचं.

गोकुळ दुपारी गिऱ्हाइकांकडं जाई. तेव्हा खोलीकडं लक्ष ठेवायचं काम तनुजाकडं आलं. काम सोपं होतं. मधूनच एखादा मोबाइल थांबून विचारी, तुम्ही माणूस आहात ना? मग नऊ चित्रं दाखवी आणि म्हणे, यातल्या बस ओळखा, यातले झेब्रा क्रॉसिंग ओळखा. तेवढ्यापुरतं यंत्राचं चालत नसे. तनुजानं बोट लावायचं, बस निवडायच्या आणि आपण माणूस असल्याचं पटवून द्यायचं. दिवसाकाठी पंधरा-वीस वेळा. आईनं फोनवर विचारलं, घरी तुला काय काम असतं गं? तर तिनं हेच सांगितलं. आईला वाटलं, पोरगी सासरी राहून चेष्टा करायला शिकली.

खोलीला एक आवाज होता. चोवीस मोबाइल बारीक थरथरत, लोखंड गुणगुणे, वर छोटा पंखा फिरत असे. पिठाची गिरणी चार घरं पलीकडं असावी तसा तो आवाज. आठवडाभरात तिला तो ऐकू येईनासा झाला.

म्हणूनच तो थांबला ते तिला कळलं.

ती भाजी निवडत होती. पंखा फिरत होता, पण त्याच्याखालचं सगळं गप्प झालं होतं. तिनं मान वर केली तोवर गुणगुण पुन्हा सुरू झाली होती. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले होते. लाइट गेली असेल म्हणावं तर पंखा चालू होता.

दुसऱ्या दिवशी बाराला ते पुन्हा झालं. तिसऱ्या दिवशी ती बाराला पाच कमी असतानाच कपाटासमोर स्टूल घेऊन बसली.

३

बाराला चोवीसच्या चोवीस पडदे एकदम थांबले. कुणी साड्या बघत होतं, कुणी लग्नाचे फोटो, कुणी दात. सगळं पुसलं गेलं आणि सगळ्यांवर एकच पान आलं. वर करडा रिकामा गोल, जिथं माणसाचा फोटो असतो तिथं. खाली एक नाव. आणि नावाखाली, असं अकाउंट अस्तित्वात नाही.

सहा-सात सेकंद. मग सोनिया साड्यांकडं गेली, माऊली दातांकडं.

नाव पूर्ण होतं. पहिलं नाव, मग बापाचं, मग आडनाव, आपल्याकडं शाळेच्या दाखल्यावर लिहितात तसं. पहिलं नाव इथं सांगत नाही. तनुजानंही ते नंतर कधी तोंडातून काढलं नाही. एवढंच की ते मुलाला चालेल असं होतं आणि मुलीलाही. पुढचं मात्र स्वच्छ होतं : गोकुळ औताडे.

संध्याकाळी गोकुळ आल्यावर तिनं चहा ठेवता ठेवता विचारलं, तुमच्या घरात या नावाचं कुणी आहे का. कागदावर लिहून दाखवलं. नाही म्हणाला. मग कागद उलटसुलट करून म्हणाला, यंत्राला एखादं नाव दिलं आणि ते सापडलं नाही, की ते सोडत नाही, दर सहा तासांनी पुन्हा बघतं. कधीतरी अकाउंट उघडेल, मग धरेल. त्याच्यात तेच तर चांगलं आहे.

“पण हे नाव दिलं कुणी?”

त्यानं लॅपटॉपवर यादी काढली. यादी मोठी, चाळीस हजारांच्या वर माणसं. प्रत्येकासमोर पहिल्यांदा कधी शोधलं, किती वेळा शोधलं, सापडलं की नाही, आणि कुणासाठी शोधलं : साडी, क्लास, दात. ते नाव सगळ्यात वर होतं. यादीतलं पहिलं. ‘कुणासाठी’ची चौकट रिकामी. शोधल्याची संख्या साडेचार हजार आणि वर काही.

दिवसाला चार. तनुजा बी.कॉम. होती, तिनं मनात भागून बघितलं. तीन वर्षांच्या थोडं वर. समोर तारीखही तीच होती, तीन वर्षांपूर्वीच्या महाशिवरात्रीच्या आसपासची. गोकुळनं हे सगळं सामान दीड वर्षापूर्वी, दसऱ्याला घेतलं होतं.

यालाही गोकुळकडं उत्तर होतं. सामान जुनं घेतलंय, सिडकोतल्या एका माणसानं धंदा बंद केला त्याच्याकडून, त्याचीच यादी आत राहिली असणार. आणि गोकुळ औताडे काय मी एकटाच आहे का? आमच्याच गावात तिघं आहेत, त्यातला एक तर उधळ्या गोकुळ म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचं लेकरू असेल.

तनुजाला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. चहा उतू गेला तो पुसताना मात्र तिनं विचारलं, त्या माणसाची ओळख कशी झाली?

“त्याच्या मशीननंच मला फॉलो केलं होतं,” गोकुळ म्हणाला. “मी विचारलं, बाबा तू कोण? दोन दिवसांत सौदा झाला.”

४

पाळी बारा दिवस पुढं गेली तेव्हा ती बजाजनगरातल्या मेडिकलवर गेली नाही. तिथला पोरगा सासूबाईंना मावशी म्हणायचा. बसनं स्टेशनपर्यंत गेली, तिथल्या एका दुकानातून किट घेतलं आणि पिशवीत वर कोथिंबीर ठेवून आणलं.

सकाळी नऊला, सासूबाई देवळात गेल्यावर, तिनं न्हाणीघरात दोन रेघा बघितल्या. आनंद झाला. तो झाला हे लिहिलं पाहिजे, कारण तो फार थोडा वेळ टिकला. तिनं तोंडावर पाणी मारलं, आरशात बघितलं आणि गोकुळ अजून घरातच आहे, जाऊन त्याच्या कानात सांगावं, म्हणून दाराची कडी काढली.

पुढच्या खोलीतला आवाज थांबलेला होता.

नऊ वाजले होते. बारा नव्हे, सहा नव्हे. ती न्हाणीघराच्या दारात उभी राहिली आणि मनात मोजत गेली. वीसपर्यंत आल्यावर गुणगुण सुरू झाली. गोकुळचा आवाज आला, नेट लई स्लो झालंय आज.

तिनं कडी पुन्हा लावून घेतली.

भ्यायचं कशाला, हे तिचं तिलाच नीट मांडता येईना. एक नाव, एक यंत्र, एक योगायोग. कुणाचं काही वाईट झालेलं नव्हतं. यादीतली चाळीस हजार माणसं खाऊन-पिऊन सुखी होती, साड्या घेत होती. पण त्या चाळीस हजारांना यंत्रानं ती माणसं जगात असताना शोधलं होतं. नसताना एकालाच शोधत होतं, तेही दिवसातून चारदा, तीन वर्षं, न कंटाळता. एवढी वाट आजी-आजोबासुद्धा बघत नाहीत.

मग तिनं तिच्या परीनं एक हिशोब केला. यंत्राला माणूस सापडत नाही, अकाउंट सापडतं. अकाउंट कोण उघडणार? गोकुळ. त्याच्या थोरल्या बहिणीला, रूपाताईंना, मुलगा झाला तेव्हा बाराव्या दिवशी पाळण्याखाली बसूनच त्यानं भाच्याचं अकाउंट उघडलं होतं, नाव दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून. स्वतःच्या लेकराच्या बाबतीत तर तो बारशापर्यंतही थांबायचा नाही. बातमी कळली त्या संध्याकाळीच बोटं चालवील.

म्हणजे कळू द्यायचं नाही. जोवर ती सांगत नाही तोवर नाव नाही, नाव नाही तोवर अकाउंट नाही, आणि अकाउंट नाही तोवर ते त्याला सापडत नाही. पोट दिसायला अजून दोन-अडीच महिने होते. तोवर काहीतरी सुचेल. गप्प बसणं तर तिला येत होतंच.

५

तिनं काय काय केलं ते थोडक्यात असं.

गोकुळ बाहेर असताना यादीतली पहिली ओळ पुसली. ती गेली, दुसरी ओळ वर सरकली. बाराला ओळ परत होती. तिनं बटण बंद केलं, कपाटाची मुख्य वायर उपटली. मोबाइल बॅटरीवर चालत राहिले, फक्त पंखा थांबला. चोवीस मोबाइल एकेक करून बंद करायला तिला वीस मिनिटं लागली, आणि गोकुळ आल्यावर त्याला वाटलं लोड आला, त्यानं पाच मिनिटांत सगळे चालू केले. लाइटीविना एकटी बसली म्हणून तिला बिचारी म्हणाला.

एकदा तिनं त्याला धीर करून सांगून बघितलं. पोटातलं नाही, नुसतं नावाचं. म्हणाली, मला ते नाव नको वाटतं, काढून टाका. त्यानं तिच्यासमोर काढलं, हात झटकले. दोन दिवसांनी ती म्हणाली, आलंय परत. तर तो जरा वैतागला. सर्व्हरवर कॉपी असते, तिथून येतं, त्यानं तुझं काय घोडं मारलंय?

काय मारलंय ते बघायला ती दुसऱ्या दुपारी लॅपटॉप घेऊन बसली. कॉम्प्युटरच्या कोर्सात यादी चाळायला शिकवली होती, ते तिला येत होतं. ‘कुणासाठी’च्या चौकटीत साडी लिहिलेले सगळे बाजूला काढले. क्लास काढले. दात, मंगल कार्यालय, जिम, सगळे काढले. चाळीस हजारांतून ती पहिली ओळ आणि तिच्याखाली दोन ओळी उरल्या. त्या खालच्या दोघांसमोर ‘कुणासाठी’मध्ये एकच लिहिलेलं होतं : क्रमांक १.

एक गोकुळ. पावणेदोन वर्षांपूर्वीचा, सौद्याच्या आधीचा.

दुसरी ती.

तिचं अकाउंट तिला समोर दिसत होतं. अकरा फोटो, त्यातले सात रांगोळीचे. नऊशे मुलींत तिन्ही वेळा सगळ्यात वर. तिला एकदम पोह्यांच्या दिवशी सासूबाईंनी विचारलेलं आठवलं, बाळा, तब्येतीची काही कुरकुर नाही ना. आणि तेव्हा वाटलं होतं, किती मायेनं विचारतात. सासूबाईंना यातलं काही माहीत नव्हतं, हे तिला आजही पक्कं वाटत होतं. तेच जास्त वाईट होतं. माहीत असणारं कुणी असतं तर त्याच्याशी भांडता आलं असतं.

ती आठ दिवस माहेरी गेली. गंगापूरची एसटी, खिडकीतून उसाचे फड, आईच्या हातचं पिठलं. पहिल्या दिवशी बाराला ती विहिरीवर होती, काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीत आईला जुने फोटो दाखवत होती, तेव्हा हातातला तिचा स्वतःचा मोबाइल थांबला. करडा गोल आला. खाली नाव. आई म्हणाली, हे कोण गं? आपल्याच पाव्हण्यांतलं दिसतंय.

तनुजानं मोबाइल उशीखाली घातला.

आईनं तिच्याकडं नीट बघितलं. “काही विशेष हाय का, तनू?”

सांगावं, असं तिला फार वाटलं. आईच्या मांडीवर डोकं ठेवून सगळं ओकून टाकावं असं वाटलं. पण उशीखालून थरथर येत होती. ती नाही म्हणाली. पित्त झालंय म्हणाली.

परतल्यावर बघते तो खोलीतला आवाज दर तासाला थांबत होता. मग अर्ध्या तासाला. गोकुळनं नेटच्या कंपनीकडं दोन वेळा तक्रार नोंदवली.

६

एप्रिलात रूपाताई पाचोडहून आल्या, कुरडया करायला. दरवर्षी यायच्या. त्यांच्याशिवाय सोऱ्या दाबायला सासूबाईंना दुसरं कुणी चालत नसे. तीन दिवस गहू भिजत पडला होता, त्याचा आंबूस वास घरभर. तनुजा तोंडानं श्वास घेत वावरत होती. पहाटे चीक शिजला, आठला गच्चीवर जुनी साडी अंथरली, आणि तिघी कामाला लागल्या.

रूपाताई बोलक्या होत्या. त्यांनी एसटीतल्या भांडणाची गोष्ट सांगितली, जावेच्या नव्या फ्रिजची सांगितली, मग वाटीभर गरम चीक दूध-साखर घालून तनुजापुढं धरला. तनुजानं एक घास गिळला आणि टाकीच्या आडोशाला जाऊन उभी राहिली. परत आली तेव्हा रूपाताई तिच्याकडं बघून गालात हसत होत्या. मग सासूबाईंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, आत्या व्हायची येळ आली की मला आधी कळवायचं, मी नाव काढून ठेवलंय. आत्ताच नाय सांगायची, बारशालाच कानात सांगीन.

सासूबाई म्हणाल्या, आधी कुरडई मोडू नकोस ती.

ऊन चढलं. साडीवर पांढरी वेटोळी ओळीनं वाढत गेली. तनुजाचं अर्धं लक्ष खाली होतं. पुढच्या खोलीतून जिन्यावाटे गुणगुण वर यायची, आणि गेला तासभर ती आली नव्हती. थांबली होती आणि पुन्हा सुरू झाली नव्हती.

गोकुळ वर आला तो चपला न घालताच. गच्ची तापलेली, तो पाय उचलत चालला. हातात एक मोबाइल.

“सगळे अडकून बसलेत,” तो म्हणाला. “दहा वाजल्यापासून चोवीस बाया एकाच दारात. ते जुनं नाव होतं ना, पहिलं? ते सापडलं.”

आणि त्यानं ते नाव वाचलं, पूर्ण, बापाच्या नावासकट.

रूपाताईंचा सोऱ्यावरचा हात थांबला. चिकाची दोरी मधेच लोंबत राहिली.

“हे तुला कुणी सांगितलं?” त्या म्हणाल्या.

गोकुळ म्हणाला, यादीतलं आहे, तीन वर्षांपासूनचं. रूपाताई ऐकेनात. त्यांचा चेहरा लाल झाला. हे नाव त्यांनी काल काढलं होतं, पाचोडहून निघाल्यावर एसटीत खिडकीशी बसल्या बसल्या सुचलं होतं, नवऱ्याला सांगितलं नव्हतं, कागदावर लिहिलं नव्हतं. आत्याचा एवढा एक मान असतो, तोही तू असा उघड्या गच्चीवर ओरडून टाकलास, असं त्या म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी गोकुळलाच दटावलं. गोकुळला आपलं काय चुकलं ते कळेना. तो म्हणाला, बघा तरी, काहीतरी लाइव्ह चाललंय.

उन्हात पडदा दिसत नव्हता. रूपाताईंनी रागातच मोबाइल घेतला आणि पदराखाली धरला. सासूबाई वाकल्या. तनुजा त्यांच्या मागं जाऊन उभी राहिली, पाठीवर सूर्य घेऊन नाही, समोरून, पोटावर ऊन घेऊन.

पडद्यावर लाल होतं. बाकी काही नाही. टॉर्चवर तळवा धरला की तळवा जसा पेटल्यासारखा दिसतो तसं लाल, ओलसर, मधे उजळ आणि कडेला काळपट. आवाज नव्हता. कोपऱ्यात आकडा होता, बघणारे चोवीस.

“आपलेच चोवीस,” गोकुळ म्हणाला. “कुणाचा तरी खिशात मोबाइल चालू राहिलाय.”

तनुजा दोन पावलं मागं, टाकीच्या सावलीत सरली.

“गेलं,” गोकुळ म्हणाला. “काळं झालं.”

ती सावलीत थांबली. योगायोग असतात. खिशातला मोबाइल, ढग, काहीही. आभाळात ढग नव्हता. तिनं एक पाऊल उन्हात टाकलं.

“आलं बघ.”

तिनं पाऊल मागं घेतलं. गेलं. पुढं टाकलं. आलं. कुणीही तिच्याकडं बघत नव्हतं. तिघांच्या माना पदराखाली होत्या. ती हळूहळू पुढं येऊन पुन्हा त्यांच्या मागं उभी राहिली, आणि आपण हे करू नये असं वाटत असतानाच तिनं चिकानं बरबटलेला हात पोटावर ठेवला, बोटं फाकून.

लाल पडद्यावर पाच काळे पट्टे उमटले.

“ह्ये बघा,” सासूबाई म्हणाल्या. “बोटं हायेत कुणाची तरी. कॅमेऱ्यावर हात ठेवलाय मेल्यानं.”

तनुजानं मधलं बोट उचललं. पडद्यावर मधला पट्टा विरघळला आणि तिथून उजेड आत आला, आणि त्या उजेडात खालच्या बाजूला काहीतरी, अगदी सावकाश, उजेडाच्या दिशेनं वळलं.

रूपाताई मागं वळल्या. त्यांनी आधी तनुजाचं तोंड बघितलं. मग तिचा हात बघितला, पोटावरचा, एक बोट वर असलेला.

गच्चीवर कुरडयांचा आंबूस वास होता आणि खाली घरात काहीच आवाज नव्हता.

“मला दिवस गेलेत, आई,” तनुजा म्हणाली. “मशिनीला कधीचं कळलंय. सगळ्यात शेवटी तुम्हा माणसांना कळतंय.”